तरुण मुलांचा पोलिसांवर किती विश्वास: देशादेशांची तुलना करायची तर काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: एमएचा प्रोजेक्ट, जगभरच्या लोकांची मतं विचारणाऱ्या वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेच्या सातव्या फेरीतून चीन, जर्मनी, अमेरिका, चिली, नायजेरिया आणि हाँगकाँग इथल्या तिशीच्या आतल्या लोकांचे पोलिसांवरच्या विश्वासाचे आकडे काढलेत, त्यांचा उतरता क्रम लावलाय, आणि त्यातून "मोकळ्या देशांतली पोरं पोलिसांवर कमी विश्वास ठेवतात, कडक राजवटीतली जास्त" असा निष्कर्ष काढावा असं वाटतंय, जर्मनी तेवढा अपवाद म्हणून सोडून दिलाय. हे असंच लिहिलं तर चालेल का?

पास व्हाल, पण लिहिलेलं टिकणार नाही. मी वीसेक वर्षं हेच काम करतेय, म्हणजे शाळा-कॉलेजातल्या मुलांकडून प्रश्नावल्या भरून घेणं, परदेशी प्रश्न आपल्या भाषेत आणणं आणि मग ते आकडे बाहेरच्या डेटाशी जुळवताना डोकं धरून बसणं. एवढ्या वर्षांनी माझं मत असं झालंय की देशांची अशी रांग लावणं हा या विषयातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा प्रकार आहे. रांगेऐवजी दरी बघा. एकाच देशात तरुण आणि वयस्कर लोकांच्या उत्तरांत किती अंतर आहे, ज्या पोराला पोलिसांनी रस्त्यात अडवलंय आणि ज्याला कधीच अडवलं नाही त्यांच्यात किती आहे, एका वस्तीतल्या, एका रंगाच्या पोरांत आणि दुसऱ्यांत किती आहे. देशाचा सरासरी आकडा त्या देशातलं एकूण वातावरण सांगतो, सरकारवरचा राग, बोलायची भीती, सगळं त्यात मिसळलेलं असतं. पोलीस रोज रस्त्यावर पोरांशी कसे वागतात ते कळायचं असेल तर मात्र ही अंतरंच बघावी लागतात.

आधी तुमचा आकडा मुळात काय आहे ते बघू. वर्ल्ड व्हॅल्यूजमध्ये संस्थांची एक लांबलचक यादी वाचून दाखवतात, लष्कर, वर्तमानपत्रं, न्यायालयं, संसद वगैरे, त्यात पोलीस हे एक, आणि प्रत्येकाला चार पर्याय: खूप विश्वास, बऱ्यापैकी, फारसा नाही, अजिबात नाही. वय सहसा १८ च्या पुढे. म्हणजे १३ ते १७ हे जे वय आहे, ज्यात पोरं पहिल्यांदा घराबाहेर टोळक्यानं उभी राहायला लागतात आणि पोलिसांशी पहिल्यांदा गाठ पडते, ते तुमच्या डेटात नाहीच. युरोपियन सोशल सर्व्हे १५ पासून पुढच्यांना विचारतो, ० ते १० असा स्केल असतो, आणि त्याच्या पाचव्या फेरीत, २०१०-११ ची, पोलीस आणि न्यायालयांवर एक वेगळा विभागच होता, तुम्हाला अडवलं होतं का, त्या वेळी कसं वागवलं, इथपर्यंत. किशोरवयाचं खरं काम म्हणजे इंटरनॅशनल सेल्फ-रिपोर्ट डेलिंक्वन्सी स्टडी, आम्ही सगळे नुसतं आयएसआरडी म्हणतो, त्यात साधारण १२ ते १६ वयाची शाळेतली मुलं निनावी प्रश्नावली भरतात, आणि तिसऱ्या फेरीत पोलीस न्यायानं वागतात का याचे प्रश्न त्यात घातले गेले. तिन्हींचे आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी ठेवलेले थिसिस मी पाहिलेत. नका करू.

आता तारखा. हे कोणीच बघत नाही म्हणून आधी सांगते. सातवी फेरी २०१७ ते २०२२ अशी चालली, पण तुमच्या यादीतल्या देशांचं फील्डवर्क, म्हणजे प्रत्यक्ष मुलाखती घेण्याचं काम, २०१७-१८ च्या आसपासच उरकलेलं आहे. चिली २०१८, हाँगकाँग २०१८, नायजेरियाही तेव्हाचंच, अमेरिका २०१७. आणि त्यानंतर या चार ठिकाणी काय झालं ते आठवा! ऑक्टोबर २०१९ मध्ये चिलीत मेट्रोचं भाडं ३० पेसोंनी वाढलं, शाळकरी पोरं टर्नस्टाइलवरून उड्या मारून फुकट जायला लागली, त्यातून देशभर आंदोलन पेटलं, पोलिसांच्या छर्‍यांनी कितीतरी जणांचे डोळे गेले. हाँगकाँगमध्ये त्याच वर्षी जूनपासून महिनोन्महिने रस्त्यावर पोरं विरुद्ध पोलीस. नायजेरियात ऑक्टोबर २०२० चं एंडसार्स, म्हणजे सार्स या पोलीस पथकाविरुद्धचं आंदोलन. अमेरिकेत मे २०२० मध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू. तुमची रांग या सगळ्याच्या आधीची आहे आणि तुम्ही ती आजची म्हणून लिहिताय.

चिली आणि हाँगकाँग तर यातली फार शिकवणारी उदाहरणं आहेत, कारण दोन्हीकडचे पोलीस आपापल्या भागात नावाजलेले होते. चिलीचे काराबिनेरोस म्हणजे लॅटिन अमेरिकेतले सगळ्यात विश्वासू पोलीस असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. आधी पैशांच्या अफरातफरीचं मोठं प्रकरण निघालं, मग २०१८ मध्ये एका आदिवासी मापुचे तरुणाला गोळी घालून मारलं आणि वर पुरावा दडवला हे बाहेर आलं, आणि मग २०१९. हाँगकाँगच्या पोलिसांना लोक कौतुकानं आशियातले सर्वोत्तम म्हणायचे. जनमत चाचण्यांत त्यांच्याबद्दलचं समाधान एका उन्हाळ्यात कोसळलं, आणि तरुण वयोगटात सगळ्यात जास्त. म्हणजे आपण ज्याला "त्या देशाची संस्कृतीच अशी आहे, तिथे लोक पोलिसांना मानतात" म्हणतो ते काही महिन्यांत उडून जाऊ शकतं. त्यामुळे प्रोजेक्टमध्ये संस्कृती हा शब्द लिहायच्या आधी दोनदा थांबा, आमच्या क्षेत्रात कारण सापडलं नाही की हा शब्द वापरायची वाईट सवय आहे.

दुसरी अडचण, पोलीस म्हणजे कोण? एकदा प्रश्नावलीची चाचणी घेत होते, नववीतला एक मुलगा "तुझा पोलिसांवर किती विश्वास आहे" हा प्रश्न वाचून बराच वेळ पेन हातात धरून बसला आणि मग हळूच विचारलं, "मॅडम, कुठल्या पोलिसांवर? ट्रॅफिकवाले का चौकीतले का ते दंगलीत येतात ते?" मी म्हटलं तुला जे वाटतात ते. पोरगं शहाणं होतं, म्हणालं "मग तीन उत्तरं लिहू का?" त्याचं म्हणणं जगभर लागू आहे. अमेरिकेत छोट्या-मोठ्या मिळून १८,००० च्या आसपास वेगवेगळी पोलीस दलं आहेत, गावाचं वेगळं, काउंटीचं वेगळं, विद्यापीठाचंसुद्धा स्वतःचं. फ्रान्समध्ये शहरात राष्ट्रीय पोलीस आणि ग्रामीण भागात झान्दार्मरी, जी मुळात लष्करी परंपरेतली. ब्राझीलमध्ये रस्त्यावर गस्त घालणारे लष्करी पोलीस वेगळे आणि तपास करणारे नागरी पोलीस वेगळे. एक शब्द, आणि प्रत्येक पोराच्या डोळ्यासमोर वेगळा माणूस.

तिसरी अडचण भीतीची. एका शाळेत प्रश्नावल्या भरून घेताना वर्गशिक्षक कौतुकानं बाकांमधून फिरत होते, मी दोनदा सांगितलं सर तुम्ही बाहेर बसा, ते हसून परत आत. त्या तुकडीतल्या जवळजवळ सगळ्यांचा पोलिसांवर "पूर्ण विश्वास" निघाला. शेजारच्या तुकडीचे सर चहाला गेले होते आणि तिथल्या कागदांवर काय काय होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पहिला गठ्ठा आम्ही बाद केला. आता हाच प्रकार देशाच्या पातळीवर कल्पून बघा. आफ्रिकेतल्या देशांत सर्व्हे करणारं अफ्रोबॅरोमीटर मुलाखतीच्या शेवटी एक फार हुशार प्रश्न विचारतं, की तुम्हाला काय वाटतं, आम्हाला कोणी पाठवलंय? खूप जण म्हणतात सरकारनं. समोरचा माणूस सरकारचा आहे असं वाटत असताना पोलिसांबद्दल जे सांगितलं जातं ते आणि मित्राला सांगितलं जातं ते एकच कसं असेल. म्हणून चीनचा उंच आकडा बघून एकदम टाळ्याही वाजवू नका आणि हे सगळं भीतीपोटीच असंही म्हणू नका, तिथे रस्त्यावरच्या सुरक्षिततेबद्दल लोक खरंच समाधानी असू शकतात. या एका प्रश्नातून दोन्ही वेगळं करता येत नाही, एवढंच म्हणता येतं.

आणि चौथी, शाळेत घेतलेल्या कुठल्याही सर्व्हेत जी पोरं शाळेत नाहीत ती नसतात. पोलिसांशी सगळ्यात जास्त संबंध येतो तो त्याच पोरांचा. हे वाक्य प्रत्येक रिपोर्टच्या मर्यादांमध्ये एका ओळीत असतं आणि नंतर सगळे विसरतात, मी पण.

आता दरी बघायची म्हणजे काय, तर माझं आवडतं उदाहरण फ्रान्स आणि जर्मनीचं. फ्रायबुर्गच्या माक्स प्लांक संस्थेतले डिट्रिश ओबरविटलर आणि ग्रनोबलचे सेबास्तियां रोशे या दोघांनी मिळून जर्मनीत कोलोन आणि मानहाइम, फ्रान्समध्ये लियों आणि ग्रनोबल अशा चार शहरांत हजारो शाळकरी मुलांचा सर्व्हे केला, दोन्हीकडे प्रश्न तेच, शिवाय पोलिसांच्या गाडीत बसून त्यांचं काम प्रत्यक्ष बघितलं. दोन्ही देश श्रीमंत, शेजारी, दोन्हीकडे स्थलांतरितांची मोठी वस्ती, जर्मनीत मुख्यतः तुर्की मुळाची, फ्रान्समध्ये उत्तर आफ्रिकेतली. निघालं काय, तर जर्मनीत तुर्की घरातली मुलं आणि जर्मन घरातली मुलं यांच्या पोलिसांबद्दलच्या मतांत फरक अगदी थोडा, आणि फ्रान्समध्ये उत्तर आफ्रिकी घरातली मुलं आणि बाकीची यांच्यात दणदणीत दरी. आणि त्याला समांतर, जर्मनीत तुर्की पोरांना पोलीस वेगळं काढून जास्त अडवतात असं फारसं दिसलं नाही, फ्रान्समध्ये दिसलं. गरिबी, धर्म, स्थलांतर हे दोन्हीकडे होतं की. फरक होता तो पोलीस कोणाला आणि कशासाठी थांबवतात यात.

फ्रान्सचं थोडं जवळून बघा, कारण दरी कशी तयार होते ते तिथे स्पष्ट दिसतं. तिथे पोलीस ओळखपत्र तपासायला माणसाला थांबवू शकतात आणि व्यवहारात त्याला फारसं कारण लागत नाही. पॅरिसच्या मोठ्या स्टेशनांवर आणि आसपास संशोधकांनी लपून उभं राहून ५०० हून जास्त तपासण्या नोंदवल्या होत्या, २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं, गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीय लोक साधारण सहा पट आणि अरब दिसणारे सात पटींहून जास्त अडवले जात होते, आणि गंमत म्हणजे कपड्यांचाही मोठा हात होता, हुडी, सैल पँट, खांद्याला बॅग, असा तरुण दिसला की थांबव. २०१७ मध्ये तिथल्या मानवी हक्कांच्या सरकारी लोकपालानंच सर्व्हे करून सांगितलं की अरब किंवा कृष्णवर्णीय दिसणाऱ्या तरुण पुरुषांना तपासलं जाण्याची शक्यता बाकीच्यांच्या २० पट आहे. आणि या तपासणीची पावती मिळत नाही! राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत २०१२ साली उमेदवार ओलांद यांनी पावतीचं आश्वासन दिलं होतं, पोलीस संघटना भडकल्या, विषय गुंडाळला. पावती नाही म्हणजे एकाच पोराला एका आठवड्यात चार वेळा अडवलं तरी कागदावर काहीच घडलेलं नसतं.

आणि भाषा. हे मराठी माणसाला चटकन कळेल. फ्रेंचमध्येही तू आणि तुम्ही असे दोन शब्द आहेत, अनोळखी माणसाला तुम्हीच म्हणतात. तिथल्या वस्त्यांतल्या पोरांची कित्येक वर्षांची तक्रार काय, तर मारलं हीच फक्त नाही, आम्हाला अरेतुरे करतात ही. शेवटी २०१४ पासून लागू झालेल्या पोलिसांच्या आचारसंहितेत लिहावं लागलं की लोकांशी बोलताना "तुम्ही" वापरायचं. आता १७ वर्षांचा पोरगा, खिशात सगळी कागदपत्रं आहेत, काही केलेलं नाही, मित्रांसमोर भिंतीला हात टेकवून उभा आहे आणि त्याच्यापेक्षा पाच-सात वर्षांनीच मोठा असलेला माणूस त्याला "ए, इकडे बघ" म्हणतोय. पाच मिनिटांत सोडून दिलं. नोंद शून्य. पण पुढच्या वेळी पोलिसांची गाडी दिसली की हा पळणार.

हे काल्पनिक नाही. २००५ मध्ये २७ ऑक्टोबरला क्लिशी-सू-बुआ इथे १७ आणि १५ वर्षांची दोन मुलं पोलिसांपासून पळताना विजेच्या सबस्टेशनमध्ये लपली आणि शॉक लागून मेली, आणि तीन आठवडे देशभर गाड्या जळत होत्या. २०२३ मध्ये नांतेरला १७ वर्षांच्या नाहेलला तो गाडीत बसलेला असताना पोलिसानं अगदी जवळून गोळी घातली, परत तेच. मधल्या काळात समित्या झाल्या, भाषणं झाली. १९९८ च्या सुमारास तिथे वस्तीतच ओळखीचे पोलीस ठेवायची योजना आणली होती, २००३ मध्ये सार्कोझी गृहमंत्री असताना "पोरांसाठी रग्बीचे सामने भरवणं हे पोलिसांचं मुख्य काम नाही" अशा अर्थाचं बोलून ती गुंडाळली. माझं वैयक्तिक मत विचाराल तर त्या पोलिसांना रग्बीचे सामने भरवू द्यायला हवे होते.

इंग्लंडमध्ये पावती आहे. झडती घेतली तर नोंद करायची, वंश लिहायचा, माणसाला प्रत मागायचा हक्क, हे १९८४ च्या पोलीस कायद्यातून आलं. म्हणून तिथे दरवर्षी आकडे छापून येतात की कृष्णवर्णीयांच्या झडत्या गोऱ्यांच्या कित्येक पट आहेत आणि दरवर्षी त्यावर भांडण होतं. पावती असल्यानं विश्वास वाढला का, तर नाही, पण भांडण पुराव्यावर होतं, नुसतं तू खोटा मी खरा असं राहत नाही. २०११ च्या दंगलीनंतर गार्डियन वृत्तपत्र आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सनं दंगलीत उतरलेल्या २७० जणांना गाठून विचारलं, त्यातल्या ८५ टक्क्यांनी पोलिसांचं वागणं हे दंगलीचं महत्त्वाचं कारण सांगितलं, आणि ७३ टक्के जणांची गेल्या वर्षभरात झडती झालेली होती. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली पोलिसांनी पावणेसात लाखांहून जास्त वेळा लोकांना थांबवलं, निम्म्याहून जास्त जण १४ ते २४ वयाचे, दहातल्या जवळपास नऊ जणांवर अटक नाही की समन्स नाही. त्या वर्षी त्या वयाच्या कृष्णवर्णीय मुलांना थांबवल्याच्या नोंदी शहरातल्या त्यांच्या एकूण लोकसंख्येपेक्षा जास्त भरल्या, परत वाचा हवं तर. २०१३ मध्ये फेडरल कोर्टानं ती पद्धत घटनाविरोधी ठरवली.

यामागची यंत्रणा समजायला दोन अमेरिकी अभ्यासकांची नावं पुरतात. टॉम टायलर यांचं म्हणणं की निकाल काय लागला यापेक्षा वागणूक कशी मिळाली यावर लोक पोलिसांना मानायचं की नाही ते ठरवतात, म्हणजे दंड झाला तरी चालेल, पण माझं ऐकून घेतलं का, कारण सांगितलं का. आणि वेस्ली स्कोगन यांनी २००६ मध्ये दाखवलं की वाईट अनुभवाचं वजन चांगल्या अनुभवाच्या ४ ते १४ पट असतं. म्हणजे दहा वेळा नीट बोललेलं एका मुस्कटात मारलेल्यात बुडून जातं. टायलरचं सूत्र मात्र सगळीकडे जसंच्या तसं बसवू नका. जिथे पोलीस पैसे उकळतात किंवा बोलावल्यावर येतच नाहीत तिथे पोरांची पहिली अपेक्षा गोड बोलण्याची नसते.

नायजेरिया घ्या. दरोडेखोरांसाठी १९९२ मध्ये काढलेलं सार्स हे पथक, त्यानं पुढे कोणाला धरलं, तर ज्याच्याकडे चांगला फोन, लॅपटॉप, जरा वेगळी केसांची स्टाइल, म्हणजे हा नक्की ऑनलाइन फसवणूक करणारा, चल एटीएमला. घरी बसून कोडिंग करणारी, डिझाइन करणारी कमावती पोरं यात भरडली गेली. म्हणून ते आंदोलन इतकं संघटित, इंटरनेटवर चाललेलं आणि शिकलेल्या तरुणांचं होतं. पथक ११ ऑक्टोबर २०२० ला बरखास्त झालं, आणि २० तारखेला लेक्की टोल नाक्यावर आंदोलकांवर गोळ्या चालल्या. फ्रान्समध्ये कपडे बघून गरिबीची खूण म्हणून अडवतात, इथे पैसा असल्याची खूण म्हणून. दोन्हीकडच्या पोरानं "अजिबात विश्वास नाही" यावर टिक केली तरी तो एकच आजार नाही, हे तुमच्या तक्त्यात कुठे दिसणार?

उलट दिशेची उदाहरणंही बघा, नाहीतर सगळं काळंच वाटेल. जॉर्जियात २००४ मध्ये अख्खं ट्रॅफिक पोलीस दल, १५,००० च्या आसपास माणसं, एकदम घरी पाठवून नवीन भरती केली, पगार वाढवले, चौक्यांना काचेच्या भिंती केल्या, आणि पोलीस म्हणजे लाच हे समीकरण काही वर्षांत मोडलं. उत्तर आयर्लंडमध्ये २००१ ला जुन्या दलाच्या जागी नवीन दल आलं आणि दहा वर्षं भरती निम्मी कॅथलिक निम्मी बाकीचे अशी केली. फिनलंड युरोपियन सोशल सर्व्हेत कायम वरच्या टोकाला असतो, तिथे पोलीस व्हायला तीन वर्षांची पदवी लागते. पण तिथेही २०१८ च्या एका अभ्यासात स्थलांतरित आणि रोमा या अल्पसंख्याक समाजातल्या तरुणांनी रंग बघून अडवल्याचे अनुभव सांगितलेत, म्हणजे सरासरी आभाळाला टेकलेली असली तरी खाली दरी असू शकते, आणि सरासरीच्या कौतुकात त्या पोरांचं बोलणं कोणी ऐकत नाही.

भारत तुमच्या यादीत नाही, घ्यावा असं मी सांगेन. सीएसडीएस-लोकनीती आणि कॉमन कॉज या संस्थांचे भारतातल्या पोलिसिंगवरचे अहवाल २०१८ पासून येतायत. २०१९ च्या अहवालात उलट बाजू विचारली, म्हणजे पोलिसांनाच, आणि पाचपैकी दोन पोलिसांचं मत होतं की १६ ते १८ वयाच्या मुलांना गुन्ह्यात मोठ्यांसारखंच वागवावं, आणि ३७ टक्के म्हणाले किरकोळ गुन्ह्याला कोर्टकचेरीपेक्षा पोलिसांनीच छोटी शिक्षा देऊन टाकावी. आता बाल न्याय कायदा २०१५ आणि त्याखालचे नियम काय म्हणतात, प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी हवा, मुलाला बेड्या नाहीत, लॉकअप नाही. केरळात २०१० पासून शाळेत स्टुडंट पोलीस कॅडेट चालतं, नंतर ते बाकी राज्यांतही गेलं. कागद एकीकडे, ३७ टक्के दुसरीकडे, आणि त्यांच्या मधल्या जागेत आपली पोरं पोलिसांना "मामा" म्हणतायत, ज्यात नातं किती आणि टोमणा किती हे मला अजून कुठल्याच स्केलवर मोजता आलेलं नाही. बोलीतले शब्द ही या विषयातली फुकटची सोन्याची खाण आहे, लंडनची पोरं "फेड्स" म्हणतात जिथे अमेरिकेसारखे फेडरल पोलीस असं काहीच नाही, नुसतं अमेरिकेतून ऐकलेलं.

ते ऐकलेलं हाही मुद्दा आहे. मिनियापोलिसमधल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूचा व्हिडिओ एका १७ वर्षांच्या मुलीनं फोनवर काढला आणि आठवड्याभरात पॅरिसमध्ये हजारो लोक त्यांच्याकडच्या वेगळ्याच एका जुन्या मृत्यूसाठी रस्त्यावर आले. म्हणजे जून २०२० मध्ये फ्रेंच पोराला स्थानिक पोलिसांबद्दल विचारलं असतं तर उत्तरात थोडं अमेरिका आलंच असतं. अमेरिकेत त्या उन्हाळ्यात गॅलप या सर्व्हे कंपनीचा पोलिसांवरच्या विश्वासाचा आकडा ४८ टक्क्यांवर आला, २७ वर्षांत पहिल्यांदा निम्म्याखाली.

वयाचं एक. सगळीकडे साधारण दिसतं की किशोरवयात पोलिसांबद्दलचं मत घसरतं आणि पुढे नोकरी-संसार लागला की सावरतं, त्यामुळे "आजची पिढीच बिघडलीय" म्हणणाऱ्यांना एका वेळच्या सर्व्हेवरून काही म्हणता येत नाही, त्यासाठी तीच मुलं वर्षानुवर्षं परत परत विचारावी लागतात. एडिंबरामध्ये १९९८ ला माध्यमिक शाळेत गेलेल्या साधारण ४,३०० मुलांचा असा पाठपुरावा केलाय. त्यातून निघालं की एकदा पोलिसांच्या नजरेत आलेलं पोर परत परत उचललं जातं, तसंच वागलेलं दुसरं पोर सुटतं, आणि जितकं यंत्रणेत आत ओढलं जाईल तितकं त्याचं वाईट वागणं थांबायला उशीर लागतो.

आता तुमच्या प्रोजेक्टचं. सहा देश टाकून द्या, दोन किंवा तीन घ्या. युरोपियन सोशल सर्व्हेची पाचवी फेरी फुकट डाउनलोड होते, तिच्यातून फ्रान्स, जर्मनी आणि फिनलंड काढा, १५ ते २९ विरुद्ध ५० च्या पुढचे असे दोन गट करा आणि त्यात परत अडवलेले आणि न अडवलेले असं विभागा. प्रत्येक देशात चार कप्पे होतील. तरुण वयाचं सॅम्पल एका देशात काहीशेच निघतं, त्यातले अडवलेले त्याहून कमी, तेव्हा टक्केवारीच्या शेजारी माणसांची संख्या लिहायची लाज बाळगू नका आणि ३० च्या खाली कप्पा गेला तर त्याच्यावर वाक्य बांधू नका. देशादेशांतले आकडे थेट ताडून न बघता अंतरं ताडून बघा, कारण कुठल्या देशातले लोक स्वभावतः टोकाचं उत्तर देतात आणि कुठले मधलं, तो दोष अंतरात बराचसा कटतो. सगळा नाही कटत, बराचसा. वर्ल्ड व्हॅल्यूजचा तक्ता ठेवायचाच असेल तर परिशिष्टात ठेवा आणि प्रत्येक देशापुढे फील्डवर्कचं वर्ष लिहा.

आणि जमलं तर स्वतः आठ-दहा पोरांशी बोला, शाळेतल्या चार आणि शाळा सोडलेल्या चार. "विश्वास आहे का" विचारू नका, त्याला उत्तर पाठ असतं. विचारा की शेवटचं कधी पोलिसांशी बोललास, काय म्हणाले, तू काय म्हणालास, घरी सांगितलंस का. शेवटच्या प्रश्नाला जे थांबतात ना, तिथे घाई करू नका.